जावईबापू अ‍ॅप तपासतात

२४ एप्रिल, लातूर. सकाळी दहालाच ऊन डोक्यावर, वारा पडलेला.

आमच्या ऑफिसातले किस्से मुद्दाम टिपावे लागत नाहीत. डायरीत दिवसाचं काम लिहायला बसलो की तेच आधी उतरतात. यंदा तर पानं पुरेनात, कारण जानेवारीपासून आमच्यात जावई आलाय!

आम्ही तिघं मोबाईल अ‍ॅप तपासतो. मी नांदेडचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान मोडून आलेलो, इम्रान धर्माबादचा, अन् वंदना जवळच्याच मुरुडहून रोज एसटीने येते. बटणं दाबायची, कुठं अडतंय ते लिहायचं. आता हेच काम एआय एजंट करतो. स्क्रीन बघतो, स्वतःच बटणं दाबतो, रिपोर्टही देतो.

आमचे शिवानंद सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "त्याला नीट शिकवा. मग बघू, कोण लागतंय अन् कोण न्हाई."

वंदनाचा चेहरा उतरला. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिला पुण्या-हैदराबादला जाता येत नाही. अन् लातुरात हे काम देणारं दुसरं ऑफिस नाही.

एजंटाला नवा कॉम्प्युटर मिळाला, एसीखालची जागा मिळाली. इम्रान म्हणाला, "चुकला तरी कुणी बोलत न्हाई. हा तर जावईबापू हाय!" नाव पडलं ते पडलंच.

*

एक अ‍ॅप उघडताच काळं पडायचं. पुढं काहीच येईना. जावयाचा रिपोर्ट आला: "डार्क मोड उत्तम."

सर आमच्याकडं वळले. "तुम्ही कधी डार्क मोड तपासला व्हता का?"

*

दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ऑर्डरचं बटणच चालेना. आम्ही 'अडलं' असं लिहून मोकळे झालो असतो. जावयाने फोनमधलं ब्राउझर उघडलं, त्याच कंपनीच्या वेबसाइटवरून ऑर्डर टाकली अन् अ‍ॅपला पास करून टाकलं!

वंदना म्हणाली, "सर, याला पेपर तपासायला बसवलं, अन् यानं सोडवून ठेवला."

"म्हंजे हुशार हाय की!"

*

एका दुपारी अहमदपूरहून टेम्पो ऑफिसच्या दारात उभा. ड्रायव्हर घामाने निथळत विचारतो, "सोयाबीन कुठं हाय?"

जावयाने शेतमाल वाहतुकीच्या अ‍ॅपमधलं 'गाडी बोलवा' हे बटण चालतं का ते पाहिलं होतं. चालत होतं!

"कुणी बोलवलं? म्होरं करा त्याला," ड्रायव्हर तडकला. इम्रानने कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. ड्रायव्हरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्यो? ह्यो पोतं उचलतो का?"

सरांची बोलणी मात्र इम्रानने खाल्ली. "तुझं लक्ष कुठं व्हतं?"

*

क्लायंटला व्हिडिओ कॉलवर सर जावयाचा रिपोर्ट वाचून दाखवत होते. "याची नजर बघा, साहेब. म्हाताऱ्या माणसाला हे अक्षर वाचता येणार नाही, हेसुद्धा लिहिलंय!"

कॉल संपल्यावर वंदना म्हणाली, "सर, हे वाक्य माझं हाय. गेल्या वर्षीच्या रिपोर्टातलं."

"व्हय. तुमचेच जुने रिपोर्ट शिकायला दिलेत त्याला. म्हणून तर चांगलं लिहितोय तो!"

*

कालची गोष्ट. आमच्याच कंपनीचं हजेरीचं नवं अ‍ॅप तपासायचं होतं. त्यासाठी खोटा कर्मचारी तयार करायला कुणाला सवड? सर म्हणाले, "वंदनाचं लॉगिन टाका."

जावयाने तिची हजेरी लावली. रजा टाकली. पत्ता बदलून पाहिला. मग शेवटचं बटण दाबलं: राजीनामा. कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, तर स्वतःच्या मनाने भरला: "घरगुती अडचण."

वंदना आधी हसली. "सर, तेवढं रद्द करा."

सरांनी तिच्या नावाचं पान उघडलं. "पुण्याच्या हेड ऑफिसची मंजुरी आलीय, वंदनाताई."

मी म्हणालो, "सर, हा तिनं दिलेला न्हाई."

"सिस्टीमला कसं कळावं? अन् कारण काय खोटं हाय का?"

आज सकाळी वंदनाचं लॉगिन बंद झालं. जावयाचा रिपोर्ट माझ्याकडं आला. शेवटची ओळ: "राजीनाम्याचं बटण व्यवस्थित चालतं. दोष आढळला नाही."