चढून राहिलेलं पाणी

कन्हानच्या पात्रातल्या त्या इंग्रजी गढीला आता छप्पर नाही, दार नाही. पण श्वास आहे. नदी भरली की बंदुका रोखण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या जंग्यांतून पाणी आत शिरतं, आणि क्षणभराने, छातीतून सुटावा तसा, एक दीर्घ सुस्कारा बाहेर येतो. भर दुपारच्या लख्ख उन्हातही तो ऐकून अंगावर काटा येतो. ज्यांनी ही गढी बांधली ते गेले, ज्यांच्या धाकाने बांधली तेही गेले. मग हा सुस्कारा कोणाचा? मला ठाऊक आहे. वीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

या अवशेषांची मोजणी करायला मी पुण्याहून नागपुरास आलो होतो. गढीपर्यंत डोंग्याने नेणारा सुदाम नावाडी मोठा थट्टेखोर. "पुण्याचे न तुमी? आमची मराठी समजते का नाई, साहेब?" मी हसलो. मराठी, आणि मला समजणार नाही! भाद्रपदातल्या एका दुपारी काठावर परतल्यावर लक्षात आलं, मोजणीची साखळी गढीतच राहिली. मी त्याला परत जायला सांगितलं. त्याने नदीकडे पाहिलं. "पानी चढून राह्यलं, साहेब."

चढून राहिलं, म्हणजे चढायचं तेवढं चढून थांबलं, असा माझ्या मराठीने अर्थ लावला. "मग झालं तर! जा."

"तुमी म्हनता तं जातो जी."

डोंगा परतला नाही.

तिसऱ्या दिवशीही काठावर बसून असलेल्या त्याच्या बायकोला मी घरी जाण्याविषयी विनवलं. पाण्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "वाट पाहून राह्यली." ती पाहून थांबली नव्हती; पाहतच होती. त्या एका क्रियापदात मला चढतं पाणी दिसलं. सुदामने मला सावध केलं होतं! आणि हे कळल्यानंतर, होय, कळल्यानंतरच, मी अपघाताच्या अहवालावर सही केली : नावाड्याने पुराची सूचना दिली नाही, तो नशेत असावा. सुदाम दारूला शिवतही नसे.

यंदा त्याच्या मुलीला शोधून काढलं. याच काठावर तिला सारं सांगितलं, आणि तेच लिहून, खाली सही करून, तिच्या हाती दिलं. 'बेवड्याची पोर' हे ऐकत वाढलेली ती बाई कागदातल्या बापाच्या नावावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मंग तवा काहून नाई बोलले, बाबाजी?"

समोर जंग्यांतून सुस्कारा आला. कागद पदरात बांधून ती गावाकडे निघाली, आणि वळून म्हणाली, "आता इथं बसून काय करता?"

"ऐकून राह्यलो," मी म्हणालो.

तिला अर्थ विचारावा लागला नाही.