पालथा घातलेला फोन

मलकपेठेत आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटायचं, मी दवाखान्यात आया आहे. मीच तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे मी पबच्या दारावर उभी असायची. पोरींच्या पर्सा तपासायच्या, अंगावरून हात फिरवायचा, मग आत सोडायचं. आमचे हे गेल्यावर चार घरची भांडी घासली, साबणानं हात फुटले, रक्त यायला लागलं, तेव्हा हे काम धरलं.

घरून साडी नेसून निघायची आणि तिथं बाथरूममध्ये काळी पँट-शर्ट चढवायची. डोक्याला टोपी, तोंडाला काळा मास्क. साठी उलटल्यावर पँट! पहिल्या दिवशी आरशात बघून मलाच हसू आलं. पोरी अम्मा म्हणायच्या.

"अम्मा, गुदगुदी हो री!"

"हंसो बेटा, पर बैग खोलो."

तिथं मी मराठीचा एक शब्द काढत नव्हते. आपल्यातलं कुणी भेटलं तर गल्लीत बोभाटा झाला असता, म्हातारी दारूच्या दारात उभी राहते म्हणून. नातीचं लग्न जमत आलं होतं तेव्हा.

त्या दिवशी शनिवार होता. उजेड होता अजून. निळ्या टॉपातली एक पोरगी आली, म्हणाली, "अम्मा, बैटरी जा री. चार्जिंग को लगाओ ना." माझ्या स्टुलामागं प्लग होता, सगळ्याच लावायच्या. मी तिचा फोन लावून स्टुलावर ठेवला. ती आत गेली.

अर्ध्या तासानं ऑटोतून एक बाई उतरली. मी बघताक्षणी ओळखलं. दत्ताच्या देवळात गुरुवारी भजनाला यायची. नाव ठाऊक नव्हतं, तोंडओळख होती. पदर खांद्यावरून घसरलेला, त्याचंही भान नाही.

दारावरचा बाऊन्सर हसला. "क्या अम्मा, डांस करने आए क्या?"

"मेरी लड़की अंदर है. निळा टॉप... फोन नै उठा री. उसके बाप को ऑपरेशन को ले जा रे."

"ऐसाच बोलते सब. परसों एक भाई आया, बहन को बाल पकड़ के ले गया. नक्को अम्मा, साइड में ठहरो."

घरच्या माणसांना आत सोडायचं नाही, कोण आत आहे सांगायचं नाही, असाच कायदा होता तिथला.

तिनं पुन्हा फोन लावला. तिकडं माझ्या स्टुलावरचा फोन उजळला, वाजणं आतल्या गाण्यांत बुडून गेलं. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. इंग्लिश येत नाही, पण त्यावरची दोन अक्षरं मला वाचता आली. आई.

पर्सांत उजेड टाकायची माझ्या हातातली बॅटरी खाली पडली. "अगं बाई!" तोंडातून गेलंच.

ती वळली. "मराठी आहात का हो? बाई, तुम्ही तरी आत जा. ते लेकीचं नाव घ्यायलेत सारखं. छाती चिरायच्या आधी एकदा तिला बघू द्या म्हणतात."

मी म्हणलं, "नै समझा अम्मा. मेरे को मराठी नै आती."

मागं फोन उजळत होता. मी तो उचलला आणि पालथा घातला. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाऊन्सरनं नाही, मालकानं नाही. माझ्याच हातानं घातला.

थोड्या वेळानं दवाखान्यातून तिला कुणाचा तरी फोन आला, आणि ती पळतच ऑटोत बसली. ती गेल्यावर तरी मला आत जाता आलं असतं. वीस पावलं. पण पोरीनं विचारलं असतं, तुला कसं कळलं, तू कोण. मी गेले नाही. पुढच्या बायांच्या पर्सा बघत राहिले.

बऱ्याच वेळानं पोरगी फोन न्यायला आली. "अम्मा, बजा क्या?"

"मैं नै देखी बेटा."

तिनं फोन सरळ केला, बघितला आणि रस्त्यानं पळत सुटली.

नातीचं लग्न झालं. मग मी काम सोडलं. कितीतरी महिने ती बाई देवळात आली नाही. आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. माझ्याशेजारीच बसली. आपणच सांगायला लागली.

"आत नेलं ते बाहेर आलेच नाहीत. लेक पोचली तोवर दार लागलं होतं. आता ती स्वतःलाच खायलीय. मी फोन का सोडला, मी फोन का सोडला. जेवत नाही धड." मग म्हणाली, "तिथं दारावर एक बाई होती बघा. डोळ्यांवरून चांगली वाटली. तिला मराठी येत नव्हतं बिचारीला. येत असतं तर गेली असती ती आत."

भजन चालू होतं. मी टाळ खाली ठेवले.

"येत होतं तिला," मी म्हणलं. "मीच होते ती. फोन माझ्यापाशीच वाजत होता. आई लिहिलेलं वाचलं मी, अन् पालथा घातला."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. आरती झाल्यावर उठताना म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? हे माझ्या लेकीला येऊन सांगा. तिचा दोष नाही म्हणून सांगा." आणि घराचा पत्ता सांगितला.

रविवारी दिलसुखनगरला गेले. तीन जिने चढले, मधे दोनदा बसले. दार पोरीनंच उघडलं. साडीत मला ओळखलं नाही.

"किससे मिलना है आंटी?"

मी मराठीत म्हणलं, "बाळ, त्या दिवशी तुझा फोन वाजत होता."