ओल्या दगडावरचा हात

वेसाव्याजवळच्या आंबोलीतल्या मालनबाई समर्थांना दगडांचं वेड लागलं ते मुलापायी. एरवी त्यांच्या घरात दगड म्हणजे पाटा-वरवंटा आणि देवघरातला शाळिग्राम. चंद्रप्रकाश, त्यांचा चंदू, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला लागला आणि ओसरीतला कोनाडा भरत गेला. मागच्या टेकडीला खडीसाठी सुरुंग लागला की सगळे लांब पळायचे, हा धुरळा खाली बसायच्या आत तिकडे धावायचा.

"अरे, लग्नाच्या वयाचा झालास आणि दगड कसले वेचतोस?"

"आई, दगड उलट बोलत नाहीत. सून बोलेल."

एकदा उंबऱ्याजवळच्या जमिनीचा जाड पोपडा निघाला. मालनबाई तो फेकणार, तेवढ्यात चंदूनं हातातून घेतला. "थांब गं. हे पदर बघ. सणावाराला सारवलंस, त्याचा एकेक. वरचा कुणाच्या हातचा?"

"माझ्या. परवाचा."

"आणि पार तळाचा?"

"सासूबाईंच्या हातचा असेल."

"झालं! पृथ्वीचंही असंच. खालचं जुनं, वरचं नवं. मधे जे रुतून बसलं ते त्या दिवसाचं." पोपड्याच्या मधोमध तांदळाचा एक दाणा होता. मालनबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. कुठल्या मंगळागौरीचा, कुणाच्या ओटीतला सांडला असेल?

शाळिग्रामातलं चक्र म्हणजे समुद्रातल्या प्राण्याचा शंख, हे त्यानं सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, आई रागावणार. त्या म्हणाल्या, "मग? मत्स्य आणि कूर्म काय माडीवर राहत होते? देव पाण्यातूनच आला रे."

आणि त्या पावसाळ्यानंतर त्याला बेडूक सापडला. टेकडीच्या काळ्या दगडाच्या दोन थरांमधे करड्या, पापुद्र्यांच्या दगडाची पट्टी होती. त्यातली चपटी लादी, तळहाताएवढी. कोरडी असताना नुसता डाग दिसायचा. मालनबाईंनी आणून दिलेल्या तांब्यातलं पाणी चंदूनं घातलं आणि दगडातून हाडं वर आली. डोकं, मुडपलेले पाय, आणि एक इवलासा हात, बोटं पसरलेला.

"काळा दगड आगीचा, आई. लाव्हा. त्यात कुणी राहत नाही. पण दोन आगींच्या मधे इथं तळं साचलं होतं. त्यात हा होता. सहा कोटी वर्षं झाली."

"एकटाच?"

चंदू हसला. "आईच विचारणार हे."

त्याचे प्रोफेसर हरखले. लादी कॉलेजच्या काचेच्या कपाटात ठेवायची, खाली 'शोधक : चंद्रप्रकाश श्यामसुंदर समर्थ' अशी चिठ्ठी लावायची, असं ठरलं. लादी न्यायची राहिली, कारण चंदूला विषमज्वर झाला. तापात तो गेला.

स्मशानातून श्यामसुंदरराव आणि त्यांचे धाकटे बंधू भाऊ रिवाजाप्रमाणे जीवखडा घेऊन आले. दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्या दगडात असतो. दहाव्याला त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचं, आणि पिंड झाले की पाण्यात विसर्जन. पांढऱ्या फडक्यात बांधलेला तो खडा भाऊंनी अंगणातल्या जांभळीला टांगला. इकडे मालनबाईंनी बेडकाची लादी धूळ बसू नये म्हणून चंदूच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली. तेराव्याला प्रोफेसर न्यायला येणार होते. मुलाचं नाव कुठंतरी राहणार, एवढ्या एका गोष्टीवर त्या उठत-बसत होत्या.

दहाव्याला पुरुष वेसाव्याच्या किनाऱ्यावर गेले. बायका घरी. परतल्यावर श्यामसुंदरराव पाय धुऊन ओसरीत टेकले.

"कावळा लगेच शिवला वहिनी," भाऊ म्हणाले. "सुटला पोरगा."

श्यामसुंदरराव हळूच म्हणाले, "मालन, मला वेड लागतंय का गं? खड्यावर पाणी सोडलं तर त्याच्यावर हात दिसला. एवढासा. बोटं पसरलेला. मला वाटलं चंदूच हात पुढं करतोय. भास सगळा. डोळे मिटले आणि सोडला समुद्रात."

मालनबाईंनी कोनाड्याकडे बघितलं. "जांभळीवरचाच नेलात ना?"

"काल वाऱ्यानं फांदी मोडायला आली होती, म्हणून मी काढून कोनाड्यात ठेवला. पहाटे अंधारात भाऊनं तिथूनच घेतला. का?"

"काही नाही," त्या म्हणाल्या.

पुरुष जेवून कलंडल्यावर त्यांनी कोनाड्यातली पुरचुंडी सोडली. आत काळा, गोल, ओबडधोबड खडा होता. नवऱ्याला सांगावं, तर जो हात त्यांनी स्वतः समुद्रात सोडला तो जन्मभर त्यांच्या डोळ्यांपुढे राहणार. न सांगावं, तर तेराव्याला प्रोफेसर दारात येणार. आणि हा खडा? यात चंदू अजून वाट बघत असला तर?

कुंपणापलीकडे एडना मसाला वाळवत होती. मालनबाईंचा चेहरा बघून ती उठलीच. "काय गो मालनबाय?" ऐकून तिनं कपाळावर क्रूस केला. "आमच्यात असलं काय नाय. पण तुला एकटीला नाय धाडायची. चल."

वेसाव्याला भरती होती. सकाळच्या पिंडांचं काही उरलं नव्हतं. एडना डोईवर पदर घेऊन थोडी लांब उभी राहिली. मालनबाई गुडघाभर पाण्यात गेल्या. लादी इथंच कुठंतरी असेल. तिच्यावर गाळ बसेल, त्यावर आणखी गाळ. पुन्हा कुणाच्या हाती लागेपर्यंत काळ केवढा लोटेल! तेव्हा कुणाचा मुलगा असेल, आणि पाणी आणायला त्याला आई असेल का?

प्रोफेसरांना सांगायचं, बेडूक चंदूबरोबर गेला. ह्यांना काही सांगायचं नाही. ह्यांचा तो भास भासच राहू दे.

ओंजळीतला काळा खडा त्यांनी पाण्यात बुडवून वर काढला. उन्हात धरला. फिरवून बघितला, पुन्हा भिजवला. चंदू करायचा तसंच केलं.

काही वर आलं नाही.

"मालनबाय, सोड आता," एडना मागून म्हणाली. "पाणी वाढतंय."

"थांब गं जरा," मालनबाई म्हणाल्या, आणि खडा पुन्हा भिजवला.