मागं चला, काका

कोणतीही बातमी घेऊन समोर उभं राहिलं की मॅडम आधी चष्मा डोक्यावर सरकवायच्या. मग अंगठा खांद्यावरून मागे न्यायच्या, ट्रकवाल्याला गाडी मागे घे म्हणावं तसा. "मागं चला, काका."

मी पन्नाशीकडे झुकलेलो, त्या नुकत्या तिशीत आलेल्या. खताच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पत्रकारितेची पदविका घेतली होती आणि धरमपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर चालणाऱ्या बातम्यांच्या पोर्टलमध्ये लागलो होतो. मॅडम तिथल्या वृत्तसंपादक. 'माहितीचे स्रोत' या विषयात मला चांगले गुण होते, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मस्त," त्या म्हणाल्या. "मंग खाली जा अन् दुकानदाराचं पूर्ण नाव विचारून या."

मी गेलो. माणूस कामात होता. मी दोनदा माफी मागितली, एक टॉवेल विकत घेतला आणि वर आलो. नाव विचारायचं राहिलं.

"काका, माफी नंतर मागा ना. आधी नाव विचारा!"

माझा स्वभावच तसा. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतं. तुमच्यातही असे असतील काही. त्यांनी या धंद्यात पडू नये.

मे महिन्यात मी लिहून नेलं, आज पारा अठ्ठेचाळीसवर. कुठून आणलं? शेजाऱ्याच्या गाडीत आकडा दिसत होता. "गाडी कुठं उभी होती?" उन्हात. "मंग तो गाडीचा ताप आहे काका, नागपूरचा नाही." एकदा डब्यातली वांग्याची भाजी त्यांच्यापुढे करत मी म्हणालो, आमच्या घरी ही सगळ्यांना आवडते. "सगळे म्हणजे कोण कोण?" विचार करून मला कबूल करावं लागलं, की मी.

एका सकाळी मात्र मी जिना धावत चढलो. प्रताप नगरात पोह्यांतून विषबाधा, अकरा जण अत्यवस्थ! एक मावशी तिथे कित्येक वर्षं तर्री-पोह्यांचा ठेला लावत होती. दोन पोर्टलांनी बातमी चालवलीही होती. माझ्याकडे तर तीन स्रोत होते: पानठेलेवाला, इस्त्रीवाला आणि सकाळी फिरायला निघणारे एक निवृत्त साहेब.

आमच्या पोर्टलचे मालक केबिनमधून ओरडले, "सबने चला दी! आपणच काहून झोपून राहिलो?"

मॅडमचा चष्मा वर गेला. "तिघांपैकी पोहे कोणी खाल्ले?"

"कोणीच नाही."

"अत्यवस्थ माणूस कोणी पाह्यला?"

मी वही चाळायला लागलो.

"म्हणजे तुम्ही तीन तोंडं घेऊन आले. मागं चला."

त्यांच्या स्कूटीवर बसून आम्ही निघालो. वाटेत ठेला लागला. मावशीने पोह्यांच्या पातेल्यावर फडकं टाकलं होतं. गिऱ्हाईक एकही नाही. एक जण दुरून व्हिडिओ मात्र काढत होता.

"उद्या ठेला लावू का नको लावू, एवढं सांग वं माय," मावशी म्हणाली.

"काय झालं ते पाहून येतो, मावशी. मंग सांगतो," मॅडम म्हणाल्या.

मला ते कठोर वाटलं. दिलासा द्यायला काय हरकत होती, मी स्कूटीवर विचारलं. "अन् पोहे खरंच खराब निघाले तर?" त्या म्हणाल्या.

पानठेलेवाल्याने अकरा सांगितले. त्याला इस्त्रीवाल्याने सांगितलं होतं. इस्त्रीवाला चिडला. "अकरा? मी नऊ म्हटलं होतं! साहेबांनं सांगतलं मले." साहेब म्हणाले, "मी पाचच म्हणालो. जबाबदारीने म्हणालो." त्यांना समोरच्या वहिनींनी सांगितलं होतं, की आमच्या यांना पोहे बाधले. आम्ही मागे मागे जात होतो आणि रोगी बरे होत होते. इतक्या झपाट्याने प्रकृती सुधारताना मी कधी पाहिली नाही.

उरलेला एकुलता एक रोगी बनियनवर सोफ्यात ताक पीत बसला होता.

"किती प्लेटा खाल्ल्या?"

"एक." त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आठ. ऑफिसातल्यांशी शर्यत लागली होती. तर्री मारून. बायको बोंबलली असती म्हणून म्हटलं, पोहेच खराब होते."

"आठ?" पडद्यामागून वहिनींचा आवाज आला.

मी त्यांची माफी मागितली. मग त्याची मागितली. तो गृहस्थ दिसला की आजही मी रस्ता बदलतो.

मला वाटलं, संपलं काम. मॅडमना वाटलं नाही. "बायकोशी खोटं बोलला तो. आपल्याशी खरंच काहून बोलन?" शर्यतीतल्या चौघांना फोन झाले; चौघेही ठणठणीत, एक तर फोनवरच काहीतरी चावत होता. त्या गृहस्थाला विचारून त्याच्या डॉक्टरांनाही फोन झाला. अजीर्ण, ते म्हणाले. मग कुठे आम्ही ठेल्यावर परत गेलो आणि मॅडम म्हणाल्या, "लावा उद्या, मावशी."

आमची बातमी गेली: प्रताप नगरात पोह्यांमुळे विषबाधा नाही. मालक म्हणाले, कोण वाचन हे? खरं होतं त्यांचं. 'विषबाधा' सगळ्या नागपूरने वाचली. 'विषबाधा नाही' आम्ही दोघांनी, मावशीने आणि बहुधा त्या वहिनींनी.

मावशीने दुसऱ्या दिवशी ठेला लावला. पातेलं संध्याकाळी जवळजवळ तसंच घरी गेलं. मी सुचवलं, आपण दोघं पोहे खाऊन फोटो टाकू. "ती जाहिरात झाली, काका." पण रोज ऑफिसला येताना त्या वाकडी वाट करून प्रताप नगरातून यायच्या आणि जिना चढताना काही बोलायच्या नाहीत. त्यावरून समजायचं, गिऱ्हाईक अजून फिरकलेलं नाही.

त्याच दिवसांत त्यांना दुसऱ्या शहरात मोठी नोकरी लागली. जाताना माझ्याकडे सगळ्या कामांची सूत्रं देऊन म्हणाल्या, "मावशीची बातमी अजून झाली नाही. जात राहा तिकडं."

मी जात राहिलो. आधी ते शर्यतवाले आले, मग त्यांचे ऑफिसवाले, मग हळूहळू जुनी गिऱ्हाइकं. एका रविवारी सकाळी मी ठेल्यासमोर उभा असताना मॅडमचा फोन आला. त्या कामासाठी गाडीने कुठेतरी निघाल्या होत्या.

"कुठं आहे, काका?"

"ठेल्यावर. मॅडम, आज तर इतकी—"

"थांबा. तुम्ही नका सांगू. फोन वर धरा."

मी फोन डोक्यावर धरला.

"मावशे, तर्री टाक ना वं!"

"अबे, माहा नंबर होता!"

"सरका ना भाऊ, प्लेट तर घेऊ द्या!"

"थांबा गा जरा, दोनच हात आहेत मले!"

हात भरून आला तसा मी फोन कानाला लावला. पलीकडे गाडीची धडधड होती. मॅडमनी फोन ठेवला नव्हता. मी हात बदलला आणि तो पुन्हा वर धरला.