काशीच्या गळ्याची गाठ

माझ्या वैद्यकीय कारकिर्दीत मी स्वतःच्या जबाबदारीवर एकूण सहा रुग्ण तपासले. सहाही जणी ठणठणीत होत्या, मी उपचार सुरू करेपर्यंत.

तसा मी डॉक्टर नाही. शुक्रवार पेठेतल्या एका दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होतो. पुड्या बांधल्या, बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, आणि डॉक्टर जेवायला गेले की पेशंटला "जीभ दाखवा" म्हणायची हौसही भागवून घेतली. त्यामुळे निवृत्त झालो तरी गल्लीत मला डॉक्टरच म्हणतात. (सुनंदा म्हणत नाही. पण ती बायको आहे, तिचं मत धरायचं नसतं.)

कोंबड्या आमच्याकडे आल्या त्या सासूबाईंबरोबर. सासरे गेल्यावर त्या गावी, कुंभारीला, एकट्याच राहायच्या. सुनंदानं दोन वर्षं विनवण्या केल्या तेव्हा कुठं तयार झाल्या, तेही अट घालून. "मी एकली न्हाय येनार. माज्या चौघीबी येत्याल." चौघी म्हणजे चार कोंबड्या. मग मागच्या अंगणात खुराडं बांधलं आणि आम्ही एक सासू आणि चार कोंबड्या दत्तक घेतल्या. त्यातली थोरली काशी. ती सासऱ्यांच्या तळहातावरचे दाणे टिपायची, म्हणून सासूबाईंचा तिच्यावर जरा जास्तच जीव.

तर सासूबाई पाच दिवसांसाठी मोडनिंबला लग्नाला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "जावयबापू, पोरींकडं बघा. सकाळी दाना, सांजच्याला दाना. बाकी काय करू नका."

यातल्या शेवटच्या वाक्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं.

पहिल्याच संध्याकाळी खुराडं लावताना काशीला उचललं आणि माझा हात थबकला. गळ्याच्या खाली, जरा उजवीकडं, लिंबाएवढी गाठ! दाबली तर मऊ, आत काहीतरी खरखरीत. दुसरीला उचललं, तिलाही गाठ. तिसरीला, चौथीलाही. एकाच घरात चौघींना एकच दुखणं म्हणजे साथच की.

"अगं, काशीला गाठ आहे," मी सुनंदाला म्हणालो.

"आईला फोन करू?"

"लग्नघरात असल्या बातम्या कळवतात होय? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच विचारतेय."

मी दुर्लक्ष केलं. हळद-सुंठीचा कोमट लेप केला, चौघींच्या गळ्याला लावला आणि वरून पट्ट्या बांधल्या. (कोंबडीला पट्टी बांधणं सोपं नाही. तिला मान हलवू नको म्हणून सांगता येत नाही. माझ्या दोन्ही हातांवर अजून ओरखडे आहेत.)

सकाळी पट्ट्या सोडल्या. गाठ गायब! चौघींचीही!

एका रात्रीत गाठ उतरवणं आमच्या डॉक्टरांना तीस वर्षांत जमलं नव्हतं. मी दूध आणायला गेलो तो गल्लीतल्या सात घरांत थांबून, सांगून आलो. शेजारच्या रशीदभाईंना तर दोनदा सांगितलं. ते रिक्षा चालवतात, आणि महिन्याभरापूर्वीच त्यांनी लेकीच्या हट्टापायी दोन कोंबड्या आणल्या होत्या. संध्याकाळी ते दोन्ही काखांत एकेक कोंबडी घेऊन दारात हजर.

"डॉक्टरसाब, आमच्या मुर्ग्यांना भी हाय बघा गाठ. तुम्ही बोलला नसता तर समजलंच नसतं."

साथ गल्लीत पसरली होती. मी सुनंदाकडं विजयी नजरेनं पाहिलं. तिनं कुकर लावला.

त्या संध्याकाळी आमच्या चौघींची गाठही परत आली होती. म्हणजे रोग उलटला. मी सुंठ दुप्पट केली. सकाळी गाठ गेली. तिसऱ्या संध्याकाळी परत आली. मग मी वही काढून नोंद केली तेव्हा लक्षात आलं, की दिवसभर खाऊन-पिऊन झालं की गाठ येते. खरं निदान अगदी माझ्या पायाशी येऊन बसलं होतं. मी त्याला ओलांडून पुढं गेलो.

"खाण्यानं वाढतंय," मी जाहीर केलं. "पथ्य पाहिजे. दाणा बंद. फक्त ओव्याचं पाणी."

रशीदभाईंनाही तसंच कळवलं. चौथ्या संध्याकाळी गाठ आलीच नाही. मी समाधानानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पाचव्या दिवशी सकाळी खुराड्यात एकही अंडं नव्हतं, आणि काशी कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती. गळ्यात पिवळी पट्टी, मान खाली. हाक मारली तरी डोळा उघडेना.

सुनंदा हळूच म्हणाली, "हिला काही झालं ना, तर आई एक शब्द बोलायची नाही. पिशवी भरेल आणि कुंभारीला निघून जाईल."

ते मलाही ठाऊक होतं. आई आल्यापासून सुनंदा स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती, हेही ठाऊक होतं. मी काशीला बाजाराच्या पिशवीत घातलं आणि रशीदभाईंना म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात चला. तीस वर्षांची अब्रू गेली तर गेली.

रिक्षात पाय ठेवतोय तोच समोर दुसरी रिक्षा थांबली. सासूबाई उतरल्या.

"जय भीम, आजी," रशीदभाई म्हणाले आणि लगेच आपल्या रिक्षाचं चाक तपासायला खाली बसले.

सासूबाईंनी पिशवीत पाहिलं. काशीला उचललं, पट्टी सोडली.

"ह्यो पट्टा कशापाई?"

"गाठ होती. संध्याकाळी यायची, सकाळी जायची."

"आन दाना?"

"कालपासून... पथ्यावर आहे."

सासूबाई पायरीवर बसल्या, आपल्या पिशवीतून कडक भाकरी काढली, हातानं चुरली, पाण्यात भिजवली आणि काशीपुढं धरली. काशीनं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग सासूबाईंच्या तळहातावर तुटून पडली. पोटभर खाऊन झाल्यावर सासूबाईंनी माझं बोट धरून तिच्या गळ्याला लावलं.

"बगा. आली तुमची गाठ."

लिंबाएवढी. तशीच मऊ.

"कोंबडीनं खाल्ल्यालं आदी हितं पिशवीत साठतंय. रातभर हळूहळू खाली उतरतंय. आजारी कुटं हाय ती, जेवल्याली हाय."

म्हणजे चार दिवस मी त्यांच्या जेवणावर इलाज करत होतो. रशीदभाई "या अल्ला" म्हणून घराकडं पळाले, आपल्या दोघींना जेवू घालायला.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "चुकलं माझं. पण तुम्ही कुंभारीला जाऊ नका."

"कुटं जाऊ?" सासूबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर ह्या पोरींना तुमच्यापासनं कोन वाचवनार?"

आत सुनंदा हसली. मग माझ्याही जिवात जीव आला.

त्या रात्री मी नेहमीसारखा तिसऱ्या भाकरीला हात घातला, तर सासूबाई माझ्या पोटाकडं निरखून बघत होत्या. "सुनंदे," त्या म्हणाल्या, "सांजच्याला ह्यांचंबी लई फुगतंय की गं. पथ्य पाहिजे." सुनंदानं भाकरी उचलली आणि सकाळसाठी काशीच्या नावानं झाकून ठेवली.

तेव्हापासून मी पथ्यावर आहे. काशीची गाठ रोज सकाळी उतरते, माझी मात्र अजून जागची हललेली नाही.