मामांचे मऊ शब्द

माझ्या मोठ्या मामांच्या तोंडी उभ्या आयुष्यात कोणी मेलं नाही, कोणी नापास झालं नाही आणि कोणाचं दुकान बुडालं नाही. त्यांच्या अड्याळमध्ये माणसं ‘शांत होत’, पोरं ‘त्याच वर्गात पाया पक्का करत’ आणि दुकानदार ‘आता जरा आराम करत’. मामा कचेरीत कारकून. सरकारी शब्दांवर त्यांचा फार जीव. ‘भारनियमन’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वाचला तेव्हा पंखा बंद पडलेल्या घरात, घाम पुसत पुसत, तो मामीला दोनदा वाचून दाखवला. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, जवळचे दोन सहकारी तिकडे निघाले आणि कचेरीतले सगळे हिरमुसले, तर मामा म्हणाले, जिल्हा तुटला नाही, वाढला. बांगडी फुटली की बायका ‘वाढली’ म्हणतात, त्याच चालीवर.

गावात वाईट बातमी पोचवायची तर मामांनाच बोलावणं यायचं. एकदा आसगावच्या एका म्हातारीला तिचा भाऊ गेल्याचं सांगायला ते गेले. भाऊ लांबच्या प्रवासाला निघाला, असं त्यांनी इतक्या हळुवारपणे सांगितलं की म्हातारीने विचारलं, “स्वेटर घेतलं ना त्यानं?” मामा म्हणाले, घेतलं. आणि चहा पिऊन परत आले. दुसऱ्या दिवशी मामीला जाऊन खरं सांगावं लागलं. हा किस्सा आम्ही पुष्कळ वर्षं हसत हसत सांगत होतो.

मग मामांच्या एकुलत्या एक मुलीचं, माझ्या ताईचं, दिघोरीला लग्न झालं. पहिल्या दिवाळीला ती आली ती डोळ्याखाली काळंनिळं घेऊन. मामा म्हणाले, नव्या संसारात थोडं खालीवर होतंच. पुढच्या खेपेला मनगट प्लास्टरमध्ये होतं. विचारणाऱ्यांना मामांनी ‘घसरली’ म्हणून सांगितलं. मामी सरळ म्हणायची, जावई मारते तिले. मामा तिला हळू बोलायला सांगायचे आणि ‘जमवून घे बाई’ म्हणत दर वेळी स्वतः ताईला बसने दिघोरीला पोचवून यायचे. ताई खिडकीशी बसायची आणि वाटभर काही बोलायची नाही, हे मामांनीच मला नंतर सांगितलं.

तिसऱ्यांदा ती एकटीच आली. डाव्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या कानाने आता ऐकू येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी मामांबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने ऐकून घेतलं आणि वर मथळा लिहिला : कौटुंबिक वाद. मामांनी कागद हातात घेऊन बराच वेळ वाचला. असे कागद त्यांनी जन्मभर लिहिले होते.

“हे खोडा,” ते म्हणाले.

“असंच लिहितात, काका.”

“वाद दोघायचा असते. इथं एकजण मारत होता. लिहा, नवऱ्यानं मारलं.” मग म्हणाले, “अन् बापाले माहीत होतं, तेबी लिहा.”

हवालदाराने पहिलं लिहिलं. दुसऱ्याची गरज नाही म्हणाला. मामा कागदाकडे बघत तसेच उभे राहिले. शेवटी मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

ताई आता अड्याळलाच असते, घरी शिवणकाम करते. मामा जन्मभर इतकं हळू बोलले की त्यांचं ऐकायला माणसाला वाकावं लागे. आता मुलीशी बोलायचं तर त्यांना आवाज चढवावा लागतो, आणि ते त्यांना नीट जमत नाही, तो मधेच फाटतो. परवा मी गेलो तेव्हा ती अंगणात मशीनवर बसली होती, आणि मामांनी ओसरीवरून गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं,

“कान दुखते काय?”

“दुखते,” ती मान वर न करता म्हणाली.

मामांनी खुर्ची उचलून तिच्या उजव्या बाजूला नेली आणि तिथे बसून राहिले.