चांगुणेची बोटं

बेलापूरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. महिन्यापूर्वी निलेशने त्याच्या आईचा फोन काउंटरवर ठेवला. "मावशी, आई गेली. छातीत कळ आली तेव्हा घरात एकटीच होती. फोन हातातच होता, पण कुणालाच लागलेला नाही... स्क्रीन खराब होती का, बघ ना." मी फोन जवळ ओढला. तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते.

त्याची आई, दिवाळे कोळीवाड्याची चांगुणा, माझ्या दुकानासमोर मासळी विकायची. इतक्या वर्षांच्या बर्फाने, मिठाने, कोयत्याने तिच्या बोटांची कातडी टाचेसारखी झाली होती. बटणांचा फोन ती न बघता लावायची. गेल्या गणपतीत निलेशने तो काढून घेतला आणि टचस्क्रीन हातात दिला. कारण काय, तर "लोक हसतात, आई."

मी त्याला तेव्हाच समजावलं होतं. या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी असते, तिच्यात किंचित वीज खेळवलेली असते. बोट टेकलं की त्यातली थोडी ते ओढून घेतं. कुठे कमी झाली त्यावरून फोनला बोटाची जागा कळते. जाड, कोरड्या कातडीचं बोट त्याला नीट कळत नाही. आणि हात ओला असला, तर पाण्याचे थेंबही त्याला बोटंच वाटतात. "तिचा हात एक तर ओला, नाही तर वाळलेला. जुना फोन परत दे."

"सवय होईल, मावशी."

कातडीला कसली सवय होते?

चांगुणेने ते हसण्यावारी नेलं. फोन वाजला की ओला बांगडा मुठीत धरून त्याचं तोंड काचेवर फिरवायची, आणि फोन उचलला जायचा! "बग बाय, बांगऱ्याला वलखतं, मना नाय!" सगळा बाजार खिदळायचा. पण एकदा गिऱ्हाईक नसताना हळूच म्हणाली, "माजा जुना फोन दे, सांग ना त्याला." मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा ऐकलं नाही.

आणि आता तोच माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, "खराब होती ना?" त्याला हो हवं होतं.

मी बोट लावलं. फोन पहिल्याच स्पर्शाला चालला. "स्क्रीन ठणठणीत आहे," मी म्हणाले.

काचेवर बोटांचे डाग होते. फोन लावायच्या हिरव्या खुणेवर तर एकावर एक, दाबून दाबून पडलेले. परत देताना मी प्रत्येकाचा फोन पुसून देते, इतक्या वर्षांची सवय आहे. हा तसाच दिला.